विषाणू पोटातही उतरतो

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघालात की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. औषधांचे घटक, रसायने, यंत्रांचे सुटे भाग असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो. २०२० साली टाळेबंदी सैल झाल्यावर देशभरचे कारखाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा फाटकावर पिस्तुलासारखा तापमापक कामगाराच्या कपाळासमोर धरण्याची पद्धत पडली. तुमच्यापैकी कोणाचे वडील अशा रांगेत उभे राहिलेही असतील.

आता अशी कल्पना करा. रांगेतल्या एका कामगाराला ताप नाही, खोकला नाही. रात्रीपासून तीन-चार जुलाब झाले आहेत आणि थोडी मळमळ आहे, एवढेच. सोलापूरचा उन्हाळा, "काहीतरी बाधले असेल" असेच तो म्हणणार. तापमापकाचा आकडा ठीक येणार आणि तो आत जाणार. त्याला करोना असू शकेल काय?

असू शकेल. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये सापडलेल्या पहिल्या रुग्णाला खोकला व ताप होताच. पण रुग्णालयात येण्यापूर्वी दोन दिवस त्याला मळमळ आणि उलट्याही होत होत्या. पुढे जुलाब झाले. त्याचा मल तपासला, तर त्यात विषाणूचा आरएनए निघाला. त्याच वर्षी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ४,२४३ रुग्णांची माहिती एकत्र केली. सुमारे १८ टक्के रुग्णांना पोटाच्या तक्रारी होत्या आणि ज्यांचा मल तपासला, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मलात आरएनए सापडला.

श्वासातून शिरणारा विषाणू आतड्यात काय करतो? त्याच्या अंगावरचे काट्यासारखे प्रथिन ही जणू किल्ली असते. ती ज्या कुलपात बसते त्याचे नाव एसीई-२. हे कुलूप श्वसनमार्गातील पेशींवर असते, तसे लहान आतड्याच्या अस्तरावरही भरपूर असते. अस्तराच्या पेशी बिघडल्या की पाणी व क्षार नीट शोषले जात नाहीत, ते मलात राहतात आणि जुलाब होतात. अर्थात काही औषधांनीही जुलाब होत, तेव्हा प्रत्येक वेळी विषाणूवर खापर फोडू नका. गुरांच्या डॉक्टरांना मात्र यात फारसे नवल वाटले नसेल. वासरांना हगवण लावणारा करोना विषाणू त्यांना १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे!

बरे झालेल्या माणसाच्या मलातही हा आरएनए रेंगाळतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात सुमारे ४९ टक्के रुग्णांच्या मलात तो होता. चार महिन्यांनी सुमारे १३ टक्के आणि सात महिन्यांनी जवळजवळ ४ टक्के लोकांत तो आढळला. मग ही माणसे सात महिने रोग पसरवीत होती काय?

येथे थोडे थांबून विचार करा. गुऱ्हाळाबाहेर चिपाडांचा ढीग दिसला म्हणजे आत गाळप चालूच आहे, असे म्हणता येईल का? आरएनए सापडणे आणि पेशीत शिरून वाढू शकणारा विषाणू सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्युनिकच्या नऊ रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा घशाच्या नमुन्यांतून विषाणू प्रयोगशाळेत वाढला. मलात आरएनए भरपूर असूनही त्यातून तो वाढला नाही. अन्य काही ठिकाणी मलातून जिवंत विषाणू मिळाला, पण क्वचितच. या विषाणूला स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि मोठ्या आतड्यातील रसांत तो निष्प्रभ होतो, असे प्रयोगांत दिसले. पोलिओच्या विषाणूला असे आवरणच नसते, म्हणून तो आतड्यातून सुखरूप बाहेर पडतो.

तरीही निष्काळजी राहून चालणार नाही. २००३ साली याच कुळातील सार्सच्या विषाणूने हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना गाठले. जुलाब होत असलेला एक रुग्ण तेथे येऊन गेला होता. न्हाणीघरांच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटले होते, त्यामुळे मैलावाहिनीतील दूषित हवा पंख्यांनी घरांत ओढली गेली, असा निष्कर्ष निघाला. तुमच्या घरी बरेच दिवस न वापरलेली मोरी असेल, तर तिच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. नळीत साचलेले हे पाणीच हवा अडवते.

मलातला हा निर्जीव आरएनएदेखील उपयोगी पडतो बरे का! मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्याच वाटेने शहराच्या सांडपाण्यात करोनाचा आरएनए शोधला. तापमापक एकेकाला विचारतो; सांडपाणी सगळ्या वस्तीचे एकदम सांगते, ज्यांना काहीच होत नाही त्यांचेही. मात्र रुग्ण कोण, हे ते सांगत नाही.

मग एखाद्या कारखान्याच्या शौचालयांचे सांडपाणी तपासले तर? तुमच्या शिक्षकांशी चर्चा करा. त्यात कारखान्याची रसायने मिसळली, तर नमुना बिघडेल. शिवाय पहिल्या पाळीचा कामगार पहाटे घरूनच शौचास जाऊन आला, तर त्याचा हिशेब त्याच्या गावच्या शोषखड्ड्यात जमा होईल, आणि तिथला नमुना घ्यायला कोण जाणार?