कर्नलच्या हेडरमधली बाइटक्रमाची खूण

संगणक सुरू झाला की बूटलोडर हा छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत मांडतो आणि यंत्राचा ताबा त्याच्याकडे सोपवतो. कर्नल कुठे ठेवायचा, त्याला किती जागा लागेल, हे फाइलच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये आकड्यांत लिहिलेले असते. ते आकडे कोणत्या बाजूने वाचायचे हे आधी ठरलेले असावे लागते.

मोठी संख्या अनेक बाइटांत विभागून ठेवतात. लहान किमतीचा बाइट आधी असेल तर तो ‘लिटल एंडियन’ क्रम, मोठ्या किमतीचा आधी असेल तर ‘बिग एंडियन’. ‘पिंप्राळा, जळगाव, महाराष्ट्र’ हा पत्ता उलट क्रमाने लिहिला तरी टपाल पोहोचते, कारण नावे ओळखीची असतात. बाइटांना अशी ओळख नसते.

पुण्याच्या सी-डॅकने बांधलेल्या महासंगणकांत हे दोन्ही क्रम येऊन गेले. १९९८चा परम १०००० अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर आणि त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर ४ वर चाले. दोन्ही बिग एंडियन. २००८चा परम युवा इंटेल झिऑनवर, म्हणजे लिटल एंडियन. पहिल्या प्रकारच्या यंत्राने बायनरी स्वरूपात लिहिलेली माहिती दुसऱ्यावर वाचायची तर बाइट उलटवून घ्यावे लागतात.

एआरएमच्या ६४-बिट रचनेत मात्र एकाच प्रोसेसरला दोन्ही क्रमांची मुभा असू शकते. म्हणून तिथे लिनक्स कर्नललाच आपला क्रम सांगावा लागतो. त्याचे हेडर ६४ बाइटांचे असते. शून्यापासून मोजल्यास ८व्या बाइटपासून कर्नल मेमरीत किती अंतरावर ठेवायचा तो आकडा, १६व्यापासून कर्नलचा आकार आणि २४व्यापासून खुणांचे रकाने येतात. त्यातला पहिला बिट ० असेल तर कर्नल लिटल एंडियन, १ असेल तर बिग एंडियन.

पण क्रम सांगणारी खूण तरी कोणत्या क्रमाने वाचायची? यासाठी नियम असा, की कर्नल कोणत्याही क्रमाचा असो, हेडरमधले हे आकडे नेहमी लिटल एंडियनच लिहायचे. हा नियम २०१४ मध्ये लिनक्स ३.१७ पासून लागू झाला. त्याआधी अंतराचा आकडा कर्नलच्या स्वतःच्या क्रमात असे. हे अंतर ५१२ किलोबाइट. बिग एंडियन पद्धतीने लिहिलेले हेच ८ बाइट लिटल एंडियन समजून वाचले, तर अंतर ८ टेराबाइट निघते.

जुना कर्नल ओळखण्याची सोयही हेडरमध्येच आहे. जुन्या कर्नलच्या हेडरात आकाराच्या जागी शून्य असते, आणि शून्य दोन्ही बाजूंनी शून्यच वाचले जाते. ते दिसले की बूटलोडरने अंतराचा आकडा न वाचता ते ५१२ किलोबाइट धरायचे.

बाइटक्रमाच्या खुणेचा प्रत्यक्ष उपयोग केएक्सेकमध्ये, म्हणजे चालू कर्नलमधूनच थेट नवा कर्नल सुरू करण्याच्या सोयीत, दिसतो. चालू कर्नल तिथे नवा कर्नल चढवण्याआधी ती तपासतो; नव्याचा क्रम वेगळा असेल आणि प्रोसेसर मिश्र क्रम हाताळू शकत नसेल, तर फाइल तिथल्या तिथे नाकारली जाते.