वाद्यवृंदाचा तास आणि यंत्राची बुद्धी

कर्जत-खालापूर भागातील एखाद्या शाळेत वीस लेझिमा, एक ढोल, एक ताशा व एक हार्मोनियम एवढीच सामग्री आहे, असे समजा. तास पस्तीस मिनिटांचा. तेवढ्यात मुलांना नुसते गिरवावयास न लावता स्वतःची रचना कशी करू द्यावी, हा शिक्षकांपुढील जुनाच पेच होय.

या कामी आता कृत्रिम बुद्धिमत्ता मदतीस आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले. अशी साधने अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकलेली असतात. वाद्ये, मुलांची संख्या व वेळ सांगितली की ती क्षणार्धात आराखडा मांडतात. उदाहरणार्थ, निम्म्या मुलांनी आठ मात्रांचा केरवा धरावा, उरलेल्यांनी सहा मात्रांचा दादरा. दोघांची सम पुन्हा कोठे जुळते ते शोधावे. केरव्याची तीन व दादऱ्याची चार आवर्तने, म्हणजे चोवीस मात्रा, पूर्ण होताच ती जुळते. (हा ताळा पाहण्यास मात्र यंत्र नको, टाळ्या पुरतात.)

परंतु हे साधन चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. रूपकाच्या मात्रा त्याने आठ सांगितल्या, तर त्या सात आहेत हे शिक्षकांस ठाऊक हवे. शिवाय जे कधी लिहिलेच गेले नाही, ते यंत्र कोठून आणणार? पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर हिंडून गवयांच्या तोंडच्या चिजा लिपिबद्ध केल्या, म्हणून त्या आज छापील मिळतात. ठाकर-कातकरी वाड्यांवरील ढोलाचे कित्येक बोल मात्र अजून वादकांच्या हातांतच आहेत. त्यांवर पाठ बेतावयाचा, तर मुलांनी आधी आजोबांजवळ बसून ते ऐकावे, वहीत उतरवावे आणि मग यंत्रापुढे ठेवावे.