सालीसकट खाण्याचे संत्रे : कुमक्वाटची तोंडओळख

फळांच्या धंद्यात उभी हयात घालवलेले आमचे बागवान बांधवही एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे संत्र्या-मोसंबीची साल फेकून द्यायची असते. कुमक्वाट या फळाचा हिशेब नेमका उलटा आहे. त्याची साल गोड आणि आतला गर आंबट. सोलून खाल तर तोंड वाकडे होईल, सालीसकट चावाल तर दुसरे उचलाल. या फळात पैसा घालण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी एवढी एक बाब आधी पक्की ध्यानात घ्यावी. लागवड, फवारणी, विक्री, सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

फळ मूळचे दक्षिण चीनचे. तिकडच्या कँटोनी बोलीत नावाचा अर्थ 'सोनेरी संत्रे' असा होतो. आकार बोराएवढा, २ ते ४ सेंटिमीटर. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने १८४६ साली ते लंडनला नेले आणि तिथून त्याचा युरोपात प्रसार झाला. जातींपैकी तीन नावे लक्षात ठेवली तरी पुरे. लांबट असते ती नागामी, गोल ती मारुमी आणि मेइवा. यांपैकी मेइवा सर्वांत गोड. नुसते खाण्यासाठी तीच बरी. मुरंब्याला आंबटसर नागामी चांगली.

आता फसगतीची जागा. आपल्याकडच्या रोपवाटिकांत 'चायना संत्रे' म्हणून छोट्या नारिंगी फळांनी लगडलेली कुंडी मिळते. ती बहुतेक वेळा कुमक्वाटची नसते. ते कॅलामोंडिन, म्हणजे कुमक्वाट आणि संत्र्याच्या कुळातील संकर. फळ आडवे कापून पाहावे. कुमक्वाटात फोडी ३ ते ६ असतात, कॅलामोंडिनमध्ये साधारणतः त्याहून जास्त. कॅलामोंडिनची साल पातळ, झटकन सुटणारी आणि रस लिंबासारखा आंबट. लांबट फळ दिसले तर ते कॅलामोंडिन नव्हे. कॅलामोंडिन टाकाऊ आहे असे मात्र मुळीच नाही. मलेशियात त्याला 'लिमाऊ कस्तुरी' म्हणतात आणि त्याचे सरबत तिथे घरोघरी होते. सरबतवाल्यांनी त्याचाच विचार करावा. आमचे म्हणणे एवढेच की पैसे ज्या झाडाचे मोजले तेच झाड हाती पडावे.

बियांपासून रोप करण्याच्या भानगडीत पडू नये. कुमक्वाट स्वतःच्या मुळांवर जोम धरत नाही. डोळा भरलेले कलमच घ्यावे. चीन-जपानकडे त्यासाठी तीन पानी संत्र्याचा खुंट वापरतात. आपल्याकडे संत्र्या-मोसंबीला जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट चालतो, म्हणून कलम कोणत्या खुंटावर आहे हे रोपवाटिकावाल्याला विचारल्याशिवाय राहू नये. झाड हिवाळ्यात झोपी जाते आणि फुले उन्हाळ्यात, इतर लिंबूवर्गीयांच्या मागाहून, धरते. त्याला भरपूर ऊन हवे, पण मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही. लिंबाला छळणाऱ्या खैऱ्या रोगाला ते बऱ्यापैकी तोंड देते. नागअळी आणि मावा मात्र येथेही येतातच.

एकरभर लावा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. गिऱ्हाईक तयार नसताना बाग उभी करणे म्हणजे दुकानाआधी गोदाम भरणे होय. प्रथम दोन-चार कलमे मोठ्या कुंड्यांत लावून आपल्या हवेत ती कशी फळतात ते पाहावे. फवारणीचा औषधी अंश सालीवर राहतो आणि इथे साल थेट पोटात जाते. तेव्हा औषधाच्या डब्यावर छापलेले काढणीपूर्वीचे दिवस काटेकोर पाळलेच पाहिजेत.

आमच्या मते नवख्याची खरी कमाई ताज्या फळात नसून बरणीत आहे. ग्रीसच्या कॉर्फू बेटावर विसाव्या शतकात या फळाची लागवड रुजली. तिथे त्याचे मद्य काढतात, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण तिथेच पाकवलेली फळे आणि मुरंबाही खपतो. रीत आवळ्याच्या मुरंब्यासारखीच. फळे धुऊन सुईने टोचावीत, एक-दोनदा उकळून पाणी फेकावे म्हणजे कडवटपणा जातो. मग फळांच्या वजनाएवढ्या साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवून रात्रभर मुरू द्यावीत. दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा आटवावा. साल पारदर्शक दिसू लागली की काम झाले. दक्षिण चीनमध्ये हीच फळे मिठात घालून वर्षानुवर्षे ठेवतात आणि घसा धरला की गरम पाण्यात कुस्करून पितात. लोणचे घालणाऱ्यांना यात काही नवीन वाटू नये.

असा माल विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी वा परवाना लागतो. जुना एफपीओ परवाना २०११ पासून इतिहासजमा झाला आहे, हे जुन्या कारखानदारांनी आपल्या मुलांनाही सांगावे.

ताजे फळ विकणाऱ्यांनी ते ओढून तोडू नये. देठाशी साल फाटते आणि तिथूनच सड लागते. कात्रीने, एखादे पान ठेवून, कापावे. आणि पहिल्या गिऱ्हाइकाला फळ नुसते हाती देऊ नये; दोन बोटांत जरा चोळून, अख्खे तोंडात टाकायला सांगावे.