पासबुकातला पैसा जातो कुठे?

बुवापाड्यात बचत गटाच्या बैठकीत एका भगिनीने आम्हाला विचारले, "दादा, आमचे पैसे बँकेत पडून असतात, त्यांचे बँक करते तरी काय?" प्रश्न साधा, पण प्रत्येक कुटुंबाने विचारावा असा.

पैसा बँकेत पडून राहत नाही. आपल्या ठेवींतून बँक कारखानदाराला, बिल्डरला कर्ज देते. त्यातला एखादा कारखाना घाण पाणी तसेच नाल्यात सोडत असेल, तर त्यात नकळत आपलीही पुंजी गुंतलेली असते. अंबरनाथहून उल्हासनगरकडे वाहणाऱ्या वालधुनीची काय दशा झाली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१४ साली उल्हासनगरात या नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. नाल्याकाठी राहतो तो कष्टकरीच आणि जीव गुदमरतो तोही त्याचाच.

'कागद वाचवा, मोबाईलवर व्यवहार करा' असे फलक बँकेत दिसतात. कागद वाचावाच. पण ज्या आईला मोबाईल वाचता येत नाही, तिने पासबुक सोडू नये. खरा प्रश्न कर्ज कुणाला दिले, हा आहे.

यासाठी रिझर्व्ह बँकेने 'हरित ठेवी'ची नियमावली केली असून ती १ जून २०२३ पासून लागू आहे. अशी ठेव योजना काढण्याची बँकेवर सक्ती नाही. मात्र काढली, तर तो पैसा सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी व कचरा व्यवस्थापन, प्रदूषण नियंत्रण अशा कामांनाच द्यावा लागतो. दारू, तंबाखू, शस्त्रास्त्रे यांना तो देता येत नाही. पैसा कुठे वापरला याची दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून अहवाल जाहीर करावा लागतो.

आम्ही एका शाखेत याची चौकशी केली. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने प्रांजळपणे सांगितले, "साहेब, हे विचारणारे तुम्ही पहिलेच." दोष त्याचा नाही. ग्राहकच विचारत नसेल, तर बँक कशाला सांगेल?

म्हणून मुदत ठेवीचे नूतनीकरण करताना चार गोष्टी विचारा. हरित ठेव आहे का? व्याज साध्या ठेवीपेक्षा कमी तर नाही ना? पैसा कोणत्या कामाला जातो? मागील वर्षाचा अहवाल कुठे पाहायला मिळेल?

एक सावधगिरी मात्र बाळगा. बँकेतील ठेवीला मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. वित्त कंपन्यांच्या ठेवींना ते नसते आणि पतसंस्था तर या नियमावलीतच येत नाहीत. तेव्हा 'हरित' नाव सांगून कुणी एजंट दारात आला, तर त्याच्या हाती पैसे देऊ नका.

आपली ठेव पाच-दहा हजारांची असेल, पण ती घामाची आहे. तिचा हिशेब विचारताना संकोच कसला?