‘जेपी’चे तीन अर्थ : उडीच्या अपरिचित आज्ञांचे वाचन

असेंब्ली भाषेतील आज्ञावली वाचताना अभ्यासकाची गती बहुधा एकाच ठिकाणी खुंटते. बेरीज, वजाबाकी, स्मृतीतून मजकूर उचलणे वा तेथे ठेवणे, या आज्ञांचा अर्थ तर्काने लागतो. परंतु ज्यांना इंग्रजीत जंप म्हणतात आणि ज्यांना आपण येथे उडीच्या आज्ञा म्हणू, त्यांपैकी एखादी अनोळखी समोर आली की पुढचा सारा मजकूर संदिग्ध होतो. कारण आज्ञावली पुढे कोणत्या वाटेने जाणार हेच त्या एका शब्दावर अवलंबून असते. अशा वेळी पुस्तक काढून नावाचा विस्तार पाहणे हा रूढ उपाय होय. तो अपुरा आहे, इतकेच नव्हे तर प्रसंगी दिशाभूल करणारा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘जेपी’ हेच नाव घ्या. आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्या इंटेल ८०८५ या प्रोसेसरवर (१९७६) पहिले धडे गिरविले गेले, त्यात जेपी म्हणजे मागील फल ऋण नसेल तर उडी. त्याच वर्षी आलेल्या झायलॉग कंपनीच्या झेड८० मध्ये जेपी म्हणजे नुसती उडी. अट असल्यास ती पुढे निराळी लिहावयाची. आणि १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेल्या इंटेलच्या घराण्यात जेपी ही पॅरिटी पाहते, म्हणजे फलाच्या खालच्या आठ बिटांत एकांची संख्या सम असेल तर उडी घेते. मौज अशी की, झेड८० ने इंटेल ८०८० चे संकेत-बाइट तसेच ठेवले आणि नावे तेवढी बदलली. षोडशमान पद्धतीतील सी३ या बाइटला इंटेलच्या लेखनात जेएमपी म्हणतात, झायलॉगच्या लेखनात जेपी. यंत्राच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. तेव्हा नाव हा माणसांनी आपल्या सोयीसाठी केलेला संकेत आहे आणि तो प्रोसेसरपरत्वे बदलतो, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

मग पाहावयाचे काय? सशर्त उडीची आज्ञा सामान्यतः संख्या पाहतच नाही. ती फ्लॅग पाहते. आधीच्या एखाद्या आज्ञेने गणित करून मागे ठेवलेल्या या एक-एक बिटाच्या खुणा होत. फल शून्य आले काय, सर्वांत वरचा बिट एक आहे काय, हातचा उरला काय, आणि चिन्हयुक्त संख्या म्हणून पाहता फल मर्यादेबाहेर गेले काय, एवढेच त्या सांगतात. ८०८६ मध्ये या फ्लॅगांवर आधारलेल्या सोळा उड्या आहेत, त्यांचे बाइट ७० पासून ७एफ पर्यंत. आणि या सोळा आज्ञांना नावे मात्र तीस आहेत! जेई आणि जेझेड, दोन्ही ७४. जेए आणि जेएनबीई, दोन्ही ७७. जेबी, जेसी आणि जेएनएई या तिघी मिळून ७२. यंत्रसंकेतावरून असेंब्ली भाषेत परत नेणारे साधन या नावांपैकी आपल्या पसंतीचे एक छापते. मूळ लेखकाने ‘समान असेल तर’ असे लिहिले होते की ‘शून्य असेल तर’, याचा मागमूस बाइटात राहत नाही. या सोळांतील जोड्या शेवटच्या बिटाने परस्परविरुद्ध होतात: ७४ ची अट उलटली की ७५.

खरी जोखीम आहे ती ‘वर-खाली’ आणि ‘मोठे-लहान’ या दोन कुळांत. इंटेलच्या संकेतानुसार जेए, जेबी ही कुळे चिन्हरहित संख्यांसाठी, जेजी, जेएल ही चिन्हयुक्त संख्यांसाठी. व्यवहारात ‘वर’ आणि ‘मोठे’ यांत कोणी भेद करीत नाही, म्हणून येथे वाचक हमखास घसरतो. एका बाइटात २०० ही संख्या आहे आणि तिची १०० शी तुलना केली असे समजा. तुलना म्हणजे फल टाकून देऊन केलेली वजाबाकी. २०० वजा १००, हातचा घ्यावा लागला नाही, फल शून्य नाही. जेए समाधान पावते आणि उडी घेते. पण तोच बाइट चिन्हयुक्त मानला तर त्याचे मूल्य उणे ५६ होते. त्यातून १०० वजा केल्यास उणे १५६ हवे. ते आठ बिटांत मावत नाही. ओव्हरफ्लोचा फ्लॅग उभा राहतो, चिन्हाचा राहत नाही, आणि या दोहोंत मेळ नसल्याने जेजी उडी घेत नाही. बाइट एकच, तुलना एकच, वाटा मात्र दोन.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. ६४ बाइटांच्या जागेत बाहेरून आलेला मजकूर उतरवून घेण्यापूर्वी त्याची लांबी तपासावयाची आहे. तपासणीनंतर जेजी लिहिली आणि आलेल्या लांबीचे बत्तीसही बिट एक असले, तर जेजीच्या दृष्टीने ती लांबी उणे एक ठरते. ती ६४ पेक्षा मोठी नाही म्हणून आत सोडली जाते. पुढे नक्कल करणारी आज्ञा तिलाच ४,२९,४९,६७,२९५ समजते आणि शेजारची स्मृती पुसत जाते. अनेक संगणक-प्रणालींतील सुरक्षेची छिद्रे याच प्रकारची निघाली आहेत. जेए असती तर दार बंद झाले असते.

तथापि उडी कोणता फ्लॅग पाहते हे कळूनही काम पुरे होत नाही. तो फ्लॅग शेवटी कोणी बदलला हे मागे जाऊन शोधावे लागते. लगतची आधीची आज्ञाच ती असेल असे नाही. ८०८५ वर सोळा बिटांचा मोजक डीसीएक्सने एकेक कमी करून त्याखाली जेएनझेड लिहिण्याची चूक प्रयोगशाळेत वारंवार आढळते. डीसीएक्स शून्याच्या फ्लॅगला स्पर्शच करीत नाही. त्यामुळे फेरा पहिल्याच खेपेला संपतो किंवा कधीच संपत नाही. मोजकाचा एक अर्धा भाग ॲक्युम्युलेटरमध्ये आणून दुसऱ्याशी ‘ओआरए’ करावा, मग फ्लॅग खरे बोलतात. इंटेलच्या पुढील घराण्यातही आयएनसी व डीईसी या आज्ञा हातच्याचा फ्लॅग जसाच्या तसा ठेवतात. हातच्याचा अर्थही सर्वत्र एक नाही: इंटेलच्या यंत्रांत वजाबाकीत हातचा घ्यावा लागला तर तो फ्लॅग एक होतो, ६५०२ आणि एआरएम यांत घ्यावा लागला नाही तर.

आता पुन्हा जेपीकडे वळू. आजच्या कंपायलरने निर्माण केलेल्या संकेतात अपूर्णांकांच्या तुलनेनंतर जेपी हटकून दिसते आणि वाचक चक्रावतो. येथे एकांची सम-विषमता कोणास हवी? वस्तुतः येथे पॅरिटीचा संबंधच नाही. ८०८७ या गणिती सहायकाच्या (१९८०) स्थितीदर्शक बिटांची मांडणी अशी होती की, ते फ्लॅगांत उतरविले असता ‘तुलना अशक्य’ ही खूण पॅरिटीच्या जागी पडे, आणि नंतरच्या तुलनेच्या आज्ञांनी तीच प्रथा पाळली. शून्य भागिले शून्य यासारखे, संख्याच नसलेले फल तुलनेस आले की शून्याचा, पॅरिटीचा आणि हातच्याचा हे तिन्ही फ्लॅग एक होतात. अशा वेळी एकटी जेई ‘दोन्ही समान’ असा निवाडा देईल. जेपी हा प्रसंग निराळा काढते. ती वगळली तर इतर सर्व संख्यांवर आज्ञावली बिनचूक चालेल आणि या एका फलावर मात्र खोटे उत्तर देईल.