८.८.८.८ टाकलं की नेट सुटतं?

चेन्नईच्या गिंडीत, औद्योगिक वसाहतीपासून अण्णा विद्यापीठाच्या आवारापर्यंत, शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं सहज भेटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या लॅपटॉपचं वाय-फाय अडलं की सल्ला ठरलेला: ‘डीएनएस बदल, ८.८.८.८ टाक, नेट पळायला लागेल.’ सांगणाऱ्यांत संगणकशास्त्राचे पदवीधरही असतात, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

डीएनएसचं काम नावावरून आकडी पत्ता शोधून देण्याचं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली त्याचा आराखडा मांडला तो याचसाठी. पत्ता हाती आला की डीएनएस बाजूला होतं. त्यानंतर फाइल किती वेगानं उतरेल हे वाय-फायचा सिग्नल, राउटरवरची गर्दी आणि तुमची लाइन यांवर ठरतं. शोधाला बहुतेक वेळा काही मिलिसेकंद लागतात आणि मिळालेला पत्ता लॅपटॉप काही काळ साठवूनही ठेवतो. आधीचा डीएनएस सर्व्हर फारच मंद असेल तर पान उघडायला जरा लवकर सुरुवात होईल. त्यापलीकडे फायदा नाही. क्वचित तोटाच होतो. शोध कुठून आला यावरून मोठ्या साइट तुम्हाला जवळचा सर्व्हर नेमून देतात. ८.८.८.८ सारखा परका डीएनएस मध्ये आला की तो अंदाज चुकू शकतो. म्हणून शोधासोबत तुमच्या नेटवर्कचा अर्धामुर्धा पत्ता पाठवण्याची सोय झाली, ती २०१६ च्या आरएफसी ७८७१ मध्ये नोंदलेली आहे. गूगलचं ८.८.८.८ ती वापरतं, तर १.१.१.१ हा दुसरा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर खासगीपणाचं कारण देऊन वापरत नाही.

खरा त्रास नंतर सुरू होतो. विंडोजमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या जुन्या खिडकीतून हाताने भरलेला डीएनएस त्या वाय-फाय कार्डाला चिकटतो, एखाद्या नेटवर्कला नाही. खोलीवर भरलेले आकडे दुसऱ्या दिवशी ऑफिसात सोबत येतात. तिथल्या आतल्या साइटचं नाव फक्त ऑफिसच्या डीएनएसला ठाऊक असतं. गिंडी स्टेशनवरच्या माणसाला सांगलीतल्या वाड्यातल्या काकूंचं टोपणनाव विचारावं, तसं आपण ८.८.८.८ ला ते नाव विचारतो. ‘असं नाव नाही’ हे त्याचं उत्तर प्रामाणिकच असतं. स्क्रीनवर ते ‘एनएक्सडोमेन’ म्हणून दिसतं आणि मुलं म्हणतात, ‘डीएनएस बंद पडलंय.’ अहो, बंद कुठे? उत्तर आलंय! प्रश्न चुकीच्या सर्व्हरकडे गेला होता. विमानतळ किंवा हॉस्टेलच्या वाय-फायचं लॉगिन पान उघडत नाही, त्यामागेही अनेकदा हेच असतं: लॉगिन होईपर्यंत बाहेरच्या डीएनएसकडे जायला तिथे बंदी असते.

म्हणून हात लावण्याआधी बिघाड नक्की कुठे आहे ते पाहा. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी डीएनएसचे आकडे बदलत बसणं व्यर्थ. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा. आकड्याला उत्तर येतं पण नाव उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. (काही नेटवर्कवर पिंग बंद ठेवलेला असतो, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.) मग एनएसलुकअप या कमांडने तेच नाव आधी राउटरने दिलेल्या सर्व्हरला आणि नंतर ८.८.८.८ ला विचारा. फक्त दुसरा उत्तर देत असेल आणि ते नाव ऑफिसच्या आतलं नसेल, तर राउटरचा डीएनएस बिघडलाय. दोन्हीकडून उत्तर येतं आणि ब्राउझर तरी अडतो, तर होस्ट्स फाइल, साठवलेली जुनी नोंद किंवा ब्राउझरचं स्वतःचं ‘सिक्युअर डीएनएस’ तपासा. एनएसलुकअप या तिन्हींना वळसा घालून जातं. ८.८.८.८ असं तपासणीपुरतं वापरायला माझी काहीच हरकत नाही. तपासून झालं की सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवा. आयपीव्ही६ चा डीएनएस वेगळ्या जागी असतो, तोही बघा. एक बदलून दुसरा विसरल्यामुळे कितीतरी जण गोंधळतात.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत.

‘फ्लशडीएनएस केलं की नेट साफ होतं’: फक्त साठवलेले पत्ते पुसले जातात, नेट तसंच राहतं.

‘सिक्युअर डीएनएस लावलं की कुणाला काही दिसत नाही’: नावाचा शोध लपतो, पण तुम्ही कुठल्या आकडी पत्त्याशी बोलताय ते वाय-फायवाल्याला दिसतच राहतं.

‘नवा पत्ता जगभर पसरायला ४८ तास लागतातच’: जुनी नोंद किती वेळ साठवायची हे साइटचा मालक त्या नोंदीतच लिहितो, आणि ते पाच मिनिटंही असू शकतं.

‘सगळं जग अमेरिकेतल्या १३ संगणकांवर चालतं’: १३ ही रूट सर्व्हरची नावं आहेत. त्या नावांच्या दीड हजारांहून अधिक प्रती जगभर चालतात, आणि त्या तेरांपैकी एफ-रूटची एक प्रत चेन्नईतच आहे.