मेळा आणि मोर्चा

परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या माणसांचा विषय निघाला म्हणजे घरांत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. "तेथेंहि ते सण मोठ्या हौसेनें साजरे करतात," असें कोणी कौतुकानें म्हणतो. तर "कांहीं झालें तरी मुलूख परका," असा सुस्कारा दुसरा कोणी टाकतो. या दोन उद्गारांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, असें मात्र सहसा आपल्या मनांत येत नाहीं. तो संबंध जेथें उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतो, असें एक स्थळ लंडनच्या पूर्व भागांत आहे. त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

या भागास व्हाइटचॅपल म्हणतात. तेथील ब्रिक लेन या अरुंद रस्त्यावर १७४३ सालीं बांधलेली एक इमारत आहे. फ्रान्समध्यें धर्मच्छळास कंटाळून देशत्याग केलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनीं ती प्रार्थनेसाठीं उभारली. पुढें ती मेथॉडिस्ट पंथाकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू लोकांची झाली, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. आलेल्या प्रत्येक परक्यास या गल्लीनें थारा दिला खरा. पण तो कोणासहि सुखासुखीं मिळाला नाहीं. ४ ऑक्टोबर १९३६ रोजीं मोस्लेचे काळे सदरेवाले अनुयायी या ज्यू वस्तींतून मिरवणूक काढण्यास निघाले, तेव्हां जवळच्याच केबल स्ट्रीटवर सामान्य रहिवाशांनीं रस्ता अडवून त्यांना परतविलें होतें.

ज्यूंच्या मागून आले ते मुख्यतः सिल्हेट प्रांतांतील बंगाली. प्रथम जहाजांवरील खलाशी, नंतर शिवणकामाच्या व चामड्याच्या कारखान्यांतील कामगार. त्यांस घर मिळेना, आणि मिळालें तर शेजारी राहूं देईनात. शेवटीं अनेक कुटुंबें रिकाम्या पडलेल्या घरांत शिरून राहूं लागलीं. त्यांनीं १९७६ सालीं घरांसाठीं एक संघटना काढली. तिच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळविलीं कीं बंगालींतील वाघाच्या नांवासारखा उच्चार होई! या कामांत साह्य करणाऱ्यांत फारुख धोंडी हे पुण्यास जन्मलेले लेखक होते, हें येथील वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखें आहे.

४ मे १९७८ हा दिवस स्थानिक निवडणुकीचा होता. नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष तींत उतरला होता. त्या संध्याकाळीं आल्ताब अली हा पंचविशीच्या आंतबाहेरचा कामगार काम संपवून घरीं चालला असतां ॲडलर स्ट्रीटवर तीन कोवळ्या वयाच्या मुलांनीं त्याला गांठलें आणि भोसकून ठार केलें. दहा दिवसांनीं सुमारें ७,००० माणसें त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेलीं. ज्यांना तोंवर मुकाट्यानें सोसणारे म्हणून ओळखीत, तेच हे लोक. ब्रिक लेनच्या ज्या कोपऱ्यावर नॅशनल फ्रंटचे लोक दर रविवारीं आपलीं पत्रें विकीत, तो कोपरा बंगाली तरुणांनीं व त्यांच्या गोऱ्या सोबत्यांनीं त्या उन्हाळ्यांत ठिय्या देऊन अडविला.

जेथें ती हत्या झाली, त्याच्या लगत एक बाग आहे. व्हाइटचॅपलला नांव देणारें चर्च तेथें होतें; १९४० च्या बाँबवर्षावांत तें उद्ध्वस्त झालें. १९९८ सालीं त्या बागेस आल्ताब अलीचें नांव देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, मातृभाषेसाठीं ढाक्यास १९५२ सालीं प्राण देणाऱ्यांच्या शहीद मिनाराची लहान प्रतिकृति तेथें उभी राहिली. ब्रिक लेनवर १९९७ पासून बंगाली नववर्षाचा बैशाखी मेळा भरूं लागला, आणि २०२२ सालीं व्हाइटचॅपलच्या रेल्वे स्थानकावर बंगाली अक्षरांत नांव झळकलें. स्मारक म्हणजे स्मरण करविणारें. मेळ्यांतील ढोल ऐकतांना ती शवपेटी ज्याला आठवते, त्यालाच मेळ्याची किंमत कळते. आधीं रस्त्यानें निर्भयपणें चालण्याचा हक्क मिळवावा लागला. मग त्याच रस्त्यावर नाचतां आलें.

येथें आम्हांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. लंडनांत वा न्यूयॉर्कांत आपल्या मुलास कोणी रंगावरून हिणविलें, तर आपलें रक्त उसळतें, व तें रास्तच आहे. परंतु आपल्या शहरांत भाड्यानें घर मागावयास आलेल्यास आपण पहिल्यानें काय विचारतों? आडनांव! मणिपूर-नागालँडहून शिक्षणास आलेल्या मुलामुलींना त्यांच्या चेहऱ्यावरून कोणत्या नांवांनीं हांका मारल्या जातात, आणि त्या वेळीं आपण ओसरीवर बसून काय करतों? व्हाइटचॅपलच्या हकीकतींत जसे भोसकणारे होते, तसे पडदा किंचित् बाजूला सारून पाहणारेहि असतीलच. पण तो कोपरा सोडविला तो खालीं उतरलेल्या माणसांनीं.

हें काम सरकारावर वा सभांवर ढकलून भागणार नाहीं. वाड्यांत, चाळींत, शेजारांत तें ज्याचें त्यानें करावयाचें आहे. येत्या दिवाळींत फराळाचें एक ताट परमुलुखांतून आलेल्या शेजाऱ्याकडे जावें, आणि त्याच्या सणाला आपण त्याच्या घरीं जावें. त्याचा कोणी अपमान केला, तर घरांतील वडील माणसानें दारांत येऊन "हें चालणार नाहीं" एवढे तीन शब्द मोठ्यानें उच्चारावे. परदेशांत आपल्या मुलास जसा शेजार मिळावा असें वाटतें, तसा शेजार आपण येथें कोणाला तरी द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे.